महासंख्येचं जुळं उत्तर

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तेव्हा दुकानदाराने विक्रीचे सोफे वर चढवले, आणि लोक प्लास्टिकची आवरणं न काढताच त्यांवर दाटीवाटीने बसले. कोणी जरा हललं की अख्खा सोफा कुरकुरायचा आणि चारी बाजूंनी ‘शूऽऽ’ व्हायचं. समोर पांढरा फळा होता. फळ्यावर सगळ्यात वर, लाल शाईने, वीतभर उंचीची एकच संख्या लिहिलेली होती : १४२८५७१४३.

फळ्यासमोर अंकमहाराज उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात मार्कर.

“ही संख्या मी शोधली नाही,” महाराज हळूच म्हणाले. “हिने मला शोधलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. दिवे गेले, पंखा बंद, श्वास कोंडला. मी म्हटलं, संपलं सगळं. आणि लिफ्टच्या दारावर ही झळकली! वाचा. पहिले दोन आकडे?”

“चौदा!” हॉल ओरडला.

“चौदाची दुप्पट?”

“अठ्ठावीस!”

“पुढे अठ्ठावीसच आहेत ना? आता अठ्ठावीसची दुप्पट?”

“छप्पन्न!”

“आणि इथे आहेत सत्तावन्न. मग हा वरचा एक कोण?”

महाराजांनी बोट वर केलं. वर पंखा फिरत होता, पण लोकांना जे दिसायचं ते दिसलं. कोणीतरी हुंदका दिला. शेवटच्या एकशे त्रेचाळीसचं काय, असं एकदा एका शिंप्याने विचारलं होतं. त्यावर महाराज म्हणाले होते, “तो अधिकार यायला वेळ लागतो.” तेव्हापासून कोणी विचारलं नव्हतं.

मग खरा चमत्कार सुरू झाला. नऊ जणांनी आपापल्या मनातला एकेक आकडा सांगितला. महाराजांनी ते ओळीने लिहिले : ३२५४१६८७९. “आता या संख्येला महासंख्येने गुणायचं,” ते म्हणाले. “कागद नाही, यंत्र नाही. ती सांगेल, मी लिहीन.” डोळे अर्धवट मिटून, क्षणभर फळ्याकडे पाहत, त्यांनी डावीकडून भराभर आकडे लिहायला सुरुवात केली. ४६४८८१२५६१७९१६६९७. मध्ये खाडाखोड नाही, थांबणं नाही. कोपऱ्यात एक इंजिनिअर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने तोच गुणाकार यंत्रावर केला आणि उत्तर प्रोजेक्टरने भिंतीवर उमटलं. एक एक आकडा जुळत होता. लोकांनी तोंडात बोटं घातली.

सगळ्यात मागे, दिव्यांच्या बटणांपाशी बसलेल्या थोरलीने मात्र ओठ दाताखाली दाबून धरला होता.

थोरली म्हणजे महाराजांच्या बायकोची मोठी बहीण. गाव तिला नुसतं ‘बाई’ म्हणायचं, कारण निम्म्या गावाला तिने शाळेत गणित शिकवलं होतं. तिने लग्न केलं नव्हतं. आईला घेऊन ती दोन खोल्यांच्या घरात राहायची. आज ती आली होती ती केवळ आईला जिना चढताना हात हवा म्हणून. येताना तिला वाटलं होतं, काहीतरी भंपकपणा असेल, हसून मोकळं होऊ. पण भिंतीवरचं उत्तर बघून तिचं हसू जिरलं.

देव, साक्षात्कार, लिफ्ट यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिला वेगळीच भीती वाटली. या माणसाला खरोखरच गणित येत असेल तर?

हा तोच माणूस होता, जो पूर्वी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. गिऱ्हाइकाला सूट सांगताना तो चुकायचा आणि हसून वेळ मारून न्यायचा. धाकटीला मागणी घालायला आला तेव्हा त्याच्या त्या हसण्यावरच आई भाळली होती. थोरलीने आयुष्यभर गणिताची खर्डेघाशी केली, सुट्टीच्या दिवशीही प्रमेयं सोडवली, आणि एवढा गुणाकार तोंडी करायची ताकद तिच्यात कधी आली नाही. आणि ती या बोलघेवड्याला मिळावी? आयती? नुसता राग आला असता तर बरं झालं असतं. हे पोटात काहीतरी पिळल्यासारखं होतं. टाळ्या वाजत होत्या, आणि प्रत्येक टाळी तिला आपल्या गालावर बसल्यासारखी वाटत होती.

“पुढच्या कौलाचा मान,” महाराज म्हणाले, “आमच्या आईंचा.”

आईला खुर्चीत बसवलं. आई पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आता तिला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागायचे, आणि ते घालायचं काम वर्षानुवर्षं थोरली करत होती. मान मागे करून, पापणी बोटाने ओढून, “हलू नकोस गं,” असं दटावत.

“आईंचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांचा,” महाराजांनी जाहीर केलं. नऊ जणांनी आकडे दिले. फळ्यावर संख्या झाली ७३०२९३३०५. महाराजांनी उत्तर लिहायला घेतलं, आणि निम्म्यावर आल्यावर त्यांचा स्वतःचाच हात थबकला. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी उरलेलं उत्तर मुद्दाम सावकाश लिहिलं.

१०४३२७६१५१०४३२७६१५.

“जुळं!” ते ओरडले. “बघा, एकशे चार, तीनशे सत्तावीस, सहाशे पंधरा. आणि पुन्हा तेच! एकशे चार, तीनशे सत्तावीस, सहाशे पंधरा! महासंख्या दोनदा बोलली. का? कारण डोळे दोन आहेत!”

हॉल उसळला. मागचा एक सोफा तर पायातून मोडला.

“आई, औषध आता कशाला? रोज सकाळी महासंख्येचं पाणी डोळ्यांना लावायचं. बस्स.”

महासंख्येची चिठ्ठी लावलेल्या पाण्याच्या बाटल्या खाली जिन्यापाशी मिळत. त्या फुकट नव्हत्या, पण आईला फुकट मिळाली.

घरी येताना आई वाटभर जावयाचंच बोलत होती. “जावईबापूंच्या चेहऱ्यावर तेज बघितलंस? माझी धाकटी नशिबाची हो.” संध्याकाळी थोरली नेहमीप्रमाणे थेंबांची बाटली घेऊन आली, तर आईने तिचा हात बाजूला केला. मायेनेच केला, पण केला.

“आता राहू दे ते. तुझ्या थेंबांची गरज नाही मला.”

तुझ्या थेंबांची! इतक्या वर्षांत ती औषधाची बाटली कधी ‘तुझी’ झाली नव्हती. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. “तुला बरं वाटेल ते कर,” असं म्हणून ती उठली आणि बाटली तिने कपाटात आदळली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती रिकाम्या वर्गात मागे राहिली. जुळं उत्तर तिच्या डोक्यातून जात नव्हतं. तिने फळ्यावर नऊ जणांची संख्या लिहिली आणि तिच्याखाली उत्तराचा अर्धा भाग लिहिला. मग गंमत म्हणून मोठीला लहानीने भागलं.

बरोबर सात आले. बाकी काही नाही.

तिच्या हातातला खडू थांबला. म्हणजे मूळ संख्येचा सातवा भाग, आणि तो दोनदा. तिने घाईने महासंख्या लिहिली आणि तिला सातने गुणलं. सात त्रिक एकवीस, हातचे दोन. सात चोक अठ्ठावीस नि दोन तीस, हातचे तीन. सात एके सात नि तीन दहा. शून्य, परत शून्य, परत शून्य. ती गुणत गेली आणि फळ्यावर शून्यांची रांग लागली. शेवटी उरलं १००००००००१. शंभर कोटी एक! दोन टोकांना दोन एक, मध्ये नुसती शून्यं.

थोरली बाकावर बसली आणि एकटीच मोठ्याने हसली. झाडणारी बाई दारातून डोकावून गेली.

मेहुण्याला गणित येत नव्हतं! तो गुणाकार करतच नव्हता. नऊ आकडी संख्येला शंभर कोटी एकने गुणलं की ती संख्या फक्त दोनदा शेजारी शेजारी लिहिली जाते. आणि महासंख्या म्हणजे त्याचा सातवा भाग. तेव्हा समोरची संख्या मनात दोनदा वाचायची आणि सातने भागत जायचं. चौथीतलं पोर करील. म्हणून तर तो उत्तर डावीकडून लिहायचा! गुणाकार करणारा माणूस एककापासून, उजवीकडून सुरू करतो. डावीकडून चालतो तो भागाकार. हे डोळ्यांसमोर घडत होतं, आणि ती मात्र टाळ्या मोजत बसली होती.

तिला सत्य सापडल्याचा आनंद झाला, हे खरं. पण त्याहून मोठा आनंद तो पडणार याचा होता, हेही तितकंच खरं.

ती तडक धाकटीच्या घरी गेली. आईही तिथेच होती. दारातूनच तिने सुरुवात केली, “लबाडी आहे सगळी! अवयव पाडले मी. सातचा गुणक आहे, शंभर कोटी एकचा अवयव आहे तो, आणि नऊ आकडी कोणतीही संख्या घेतली तर...”

धाकटी हातातला कपडा घडी करत होती. तिने तो खाली ठेवला. “ताई, लहानपणी मला कोणी छान म्हटलं की तू अशीच यायचीस. धापा टाकत.”

“विषय तो नाहीये!”

“मग कोणता आहे? ते सामान्य होते तेव्हा तू त्यांची चेष्टा केलीस. आता लोक मानतात तर तुझ्या पोटात दुखतंय.”

थोरलीने आईकडे पाहिलं. आई एवढंच म्हणाली, “तुला तिचं चांगलं झालेलं कधी बघवलं नाही गं.”

ते खोटं असतं तर थोरली भांडली असती. ती आली तशी परत फिरली. आणि त्या अपमानाच्या भरात तिने पुढचे कित्येक दिवस थेंबांचा विषय काढला नाही. आई सकाळी बाटलीतलं पाणी डोळ्यांना लावायची, आणि थोरली वर्तमानपत्र तोंडासमोर धरायची.

मग एका सकाळी आईने चहा कपाच्या शेजारी ओतला. बशीत नाही, टेबलावर. आणि तिला ते कळलंही नाही. ती कपाला हात लावून म्हणाली, “अजून गार कसा?”

थोरलीचं सगळं रुसणं त्या टेबलावर सांडलं. तासाभरात ती आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे बसली होती.

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले, यंत्रावर दाब मोजला. “थेंब कधी बंद केले?” त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यामुळे ते अधिकच वाईट वाटलं. “डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आजी. उरलेली टिकवायची असेल तर आजपासून थेंब. एक दिवसही चुकवायचा नाही.”

दोघी रिक्षाने परत निघाल्या. घर जवळ आलं तेव्हा आई पुटपुटली, “पण कौल तर जुळा आला होता. माझीच श्रद्धा कमी पडली असेल.”

थोरलीला ओरडावंसं वाटलं. पण ती बाई होती, आणि वर्गात ओरडून कोणाला भागाकार येत नाही हे तिला माहीत होतं. धाकटीच्या दारात ती हेच विसरली होती.

जेवणं झाल्यावर तिने आईला टेबलाशी बसवलं. “आई, नऊ आकडे सांग. कोणतेही.”

आईने सांगितले. थोरलीने ते मोठ्या अक्षरात लिहिले आणि खाली महासंख्येशी केलेल्या गुणाकाराचं उत्तर डावीकडून भराभर लिहीत गेली. मग शेजारच्या क्लार्कला हाक मारून त्याच्या कॉम्प्युटरवर तपासायला सांगितलं. “तंतोतंत बरोबर!” तो खिडकीतून ओरडला.

आई खुर्चीतून अर्धवट उठली. तिचा हात थोरलीच्या गालाकडे आला. “तुलासुद्धा? तुलासुद्धा प्रसन्न झाली ती?”

तो चेहरा! जावयाकडे बघताना आईचा चेहरा असा व्हायचा. धाकटी नाचात पहिली आली तेव्हा असा झाला होता. थोरलीला पदवी मिळाली तेव्हा मात्र आई म्हणाली होती, “बरं झालं, आता नोकरी बघ.” हा चेहरा आपल्यासाठी व्हावा म्हणून ती जन्मभर झुरली होती. नुसतं गप्प राहायचं होतं. होकारसुद्धा द्यायला नको होता.

क्षणभर ती गप्प राहिलीही.

“नाही आई,” ती मग म्हणाली. “प्रसन्नबिसन्न काही नाही. सातने भागलं मी.”

आईचा हात खाली गेला. चेहऱ्यावरचं तेज विझलं. ते विझताना बघणं थोरलीला जड गेलं, पण तिने पेन आईच्या हातात दिलं.

“लिहायला दिसत नाही मला.”

“मग तोंडी कर. एक्स्चेंजमध्ये नंबर कागदावर घ्यायचीस का?”

आईला हे झोंबलं. “कागद? अगं, एका वेळी चार नंबर डोक्यात असायचे माझ्या!”

“मग ऐक. पहिला आकडा आठ. सातने भाग.”

“एक. उरला एक.”

“पुढचा तीन. उरलेला एक त्याच्या आधी लाव.”

“तेरा. एक, उरले सहा.” आई थांबली. “एवढंच?”

“एवढंच. नऊ संपले की परत पहिल्यापासून, तेच नऊ. उरलेलं सोडायचं नाही.”

आईने आणखी दोन संख्या करून बघितल्या. तिसरी तिने स्वतःच सांगितली, स्वतःच भागली, आणि शेवटी बाकी शून्य आल्यावर कितीतरी वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली.

“आणि जुळं?” तिने हळूच विचारलं.

“तुझ्या नऊ जणांची संख्या मुळातच सातने पूर्ण भागली जात होती. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर काही उरलं नाही आणि दुसरी फेरी तशीच्या तशी आली. साधारण दर सात माणसांत एकाचं जुळं येतं. आंधळ्याचंही येतं आणि डोळसाचंही.”

“म्हणजे माझा डोळा,” आई म्हणाली, “बाकी शून्य आली म्हणून गेला.”

थोरलीने कपाटातून थेंब काढले. आईने आपणहून मान मागे केली.

त्या आठवड्याच्या सभेला आई स्वतः म्हणाली, “मला घेऊन चल.”

हॉल नेहमीसारखाच भरला होता. धाकटी पहिल्या रांगेत होती. महाराजांनी सासूला बघितलं आणि हात पसरले. “या आई! सांगा सगळ्यांना, डोळे कसे आहेत?”

“सांगते,” आई खुर्चीत बसत म्हणाली. “आधी एक करायचंय. आज गुणाकार मी करते.”

महाराज हसले, पण हसू गालापर्यंतच पोचलं. लोकांनी मात्र टाळ्या पिटल्या. सासूबाईंनाही प्रसाद मिळाला! नकार द्यायला जागाच राहिली नाही. नऊ जणांनी आकडे दिले : ८३६५०२४१९. आईने इंजिनिअरला सांगितलं, “मला फळा दिसत नाही. एकेक आकडा वाच आणि मी सांगते तो लिही.”

“आठ.”

“एक.”

“तीन.”

“एक.”

“सहा.”

“नऊ.”

आईचा आवाज एक्स्चेंजमधला होता, सपाट आणि स्वच्छ. पाच, शून्य, शून्य, तीन, चार, पाच. “आता परत पहिल्यापासून वाच.” सहा, नऊ, शून्य, नऊ, दोन, आठ, नऊ, एक, सात. फळ्यावर उभं राहिलं ११९५००३४५६९०९२८९१७. भिंतीवर यंत्राचं उत्तर उमटलं. तेच होतं.

हॉल वेडा झाला. “माताजी! माताजी!” एक बाई धावत पुढे आली आणि पाण्याची बाटली आईपुढे धरून म्हणाली, “हिला हात लावा! माझ्या मुलाचा ताप उतरत नाहीये!”

“अगं, माझ्या हाताने काय होणार? डॉक्टरकडे ने त्याला!” आई ओरडली. “माताजी कसली! सातने भागलं मी! पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत, दोनदा, सातने! तुम्हीही भागा. आणि या पाण्यापायी औषध सोडून माझ्या डाव्या डोळ्याची कड कायमची गेली, तेही ऐकून ठेवा.”

टाळ्या वाजायच्या राहिल्या. महाराज झटक्यात पुढे आले. आवाज अजून मधाळ होता. “हे आई बोलत नाहीत. ही थोरल्या ताईंची असूया बोलते आहे. गावाला विचारा! त्या माझ्यावर आणि माझ्या बायकोवर जळतात.”

सगळ्या माना मागे वळल्या. थोरली बटणांपाशी उभी होती. गावासमोर तिची सगळ्यात झाकलेली गोष्ट उघडी पडली होती, आणि ती खोटी म्हणायची सोय नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “जळते मी. पूर्वीपासून जळते. आत्ताही जळते आहे.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. धाकटीने मान वर केली.

“पण मी जळते म्हणून सात सक बेचाळीसचे त्रेचाळीस होत नाहीत,” थोरली पुढे चालत म्हणाली. “मी चांगली बाई आहे म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी वाईट आहे म्हणून उडवूनही लावू नका. भागून बघा.”

तिने फळ्यावर महासंख्येला सातने गुणलं. शून्यांची रांग उभी राहिली. नऊ आकडी संख्येला शंभर कोटी एकने गुणलं की ती दोनदा लिहिली जाते हे तिने दाखवलं. मग तिचा सातवा भाग काढला. सावकाश, सहावीच्या वर्गाला शिकवावं तसं. मागून एक न्हावी आकडे बोलू लागला, मग एक नर्स, मग तो शिंपी. भागाकार कोरसमध्ये होऊ लागला. उत्तर भिंतीशी जुळलं तेव्हा कोणी हुंदका दिला नाही. लोक एकमेकांकडे बघून ओशाळं हसले.

मग तिने महासंख्येतला शेवटचा तीन पुसला आणि तिथे चार लिहिला. मार्कर मेहुण्यापुढे धरला. “एकच आकडा बदलला आहे. आता गुणा.”

“हा... हा महासंख्येचा अपमान आहे,” महाराज म्हणाले.

“अपमान झाला तर झाला. उत्तर किती?”

महाराजांनी मार्कर घेतला. फळ्याकडे बघितलं. हॉल वाट बघत राहिला. सोफासुद्धा कुरकुरला नाही. शेवटी त्यांनी मार्कर टेबलावर ठेवला आणि आईकडे न बघता म्हणाले, “मला काय माहीत, आई खरंच औषध बंद करतील म्हणून.” एवढं बोलून ते जिना उतरून गेले. धाकटी त्यांच्या मागे गेली. जाताना तिने बहिणीकडे पाहिलं, आणि तो कटाक्ष थोरलीला पुढे कितीतरी दिवस पुरला.

सगळा गाव काही एका दिवसात शहाणा झाला नाही. काही म्हणत राहिले, बाईंच्या नजरेने महाराजांची सिद्धी गेली. ताप आलेल्या मुलाला मात्र त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलं, आणि पाण्याच्या बाटल्या जिन्याखाली धूळ खात पडल्या. महाराज काही दिवस घरात बसले. नंतर फर्निचरवाल्याने त्यांना दुकानात ठेवून घेतलं. तोंडाचा गोडवा होताच. सोफे भराभर खपायला लागले.

आई धाकटीकडे राहायला गेली. “तिला आता माझी गरज आहे,” म्हणाली. थोरलीला ते लागलं, पण ती रोज शाळेआधी आणि शाळेनंतर थेंब घालायला तिथे जाऊ लागली. धाकटी दार उघडायची आणि एक शब्द न बोलता आत निघून जायची.

एके दिवशी ती दारातच थांबली. “ताई, मला दाखव ते. मी हॉलमध्ये नीट ऐकलं नाही.”

स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिठात बोटाने आकडे काढत थोरलीने तिला दाखवलं. धाकटीने स्वतः भागून उत्तर काढलं. डोळ्यांतलं पाणी तिने मनगटाने पुसलं, त्यामुळे गालाला पीठ लागलं.

“म्हणजे रोज रात्री ते सातचा भागाकार घोकत होते. मला वाटायचं, जप करतात.”

थोरलीने पीठ सारखं केलं आणि त्यात नवी संख्या लिहिली : ७६९२३०७७. “हीसुद्धा तसलीच आहे. हिच्यामागे कोण लपलंय, शोध.”

दुसऱ्या दिवशी दार धाडकन उघडलं. “तेरा! हिला तेराने गुणलं की तेच शंभर कोटी एक! आणि ताई, शोधताना मला आणखी एक सापडली. अकराने भागायची. नऊ कोटी नऊ लाख नऊ हजार एक्याण्णव!”

थोरली बघतच राहिली. अकराचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आतून आईचा आवाज आला, “बघितलंस, माझी धाकटी किती हुशार आहे ते?”

थोरलीच्या पोटात पुन्हा ते ओळखीचं पिळवटणं सुरू झालं. या वेळी तिला त्याचं हसू आलं. “हुशार आहे,” ती मोठ्याने म्हणाली, आणि आत जाऊन आईची मान हलकेच मागे केली.

“अशा किती असतील गं, ताई?” धाकटीने विचारलं. “आणि कोणी उद्या दुसरी घेऊन आला तर ओळखायचं कसं?”

“भारावलीस तरी हरकत नाही,” पापणी बोटाने खाली ओढत थोरली म्हणाली. “पण मार्कर आपल्या हातात मागायचा. आकडा बदलून करायला सांगायचं. ‘हे मलाही जमेल का’ असं विचारायचं. जो शिकवेल तो मास्तर आणि जो चिडेल तो महाराज. करामत आवडली तर खुशाल टाळ्या वाजव. डॉक्टरने दिलेलं औषध मात्र टाळ्यांच्या नादात बंद करायचं नाही.”

थेंब पडला. आईने डोळा मिटला.